तिघंच मुलं आली म्हणून?

बाळा, रविवारी संडे स्कूलला तिघंच मुलं आली आणि चटया गुंडाळताना तुझा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. माझ्या पहिल्या पावसाळ्यात एकच पोरगी यायची, तीही बिस्किटासाठी. त्यात घरमालकाने खोली काढून घेतली. महिनाभर तिला ओट्यावर शिकवलं, छत्री धरून.

बायबलमधला एलीया संदेष्टा आठव. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळाला, आणि ईजबेल राणीच्या एका निरोपाने तो पळाला, रतामाच्या झुडपाखाली मरण मागू लागला. देवाने काय केलं? झोपू दिलं. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. परत झोप, परत भाकर. ‘तू इथे काय करतोस’ हे विचारलं ते पुढे होरेब डोंगरावर. तेव्हा तूही आधी नीट जेव. शुक्रवारी उपास, शनिवारी रात्रभर तक्ते रंगवणं, मग रविवारी पोरांवर चिडणार नाहीस तर काय!

एप्रिलमध्ये पिंपळगावकडची द्राक्षबाग पाहिलीस? खरड छाटणीनंतर, म्हणजे वेलीच्या काड्या पार खाली छाटल्या की, बाग मेली असंच वाटतं. पण नंतर फुटणाऱ्या काड्यांच्या डोळ्यांतच पुढचे घड तयार होतात. ऑक्टोबरला पुन्हा कात्री लागते, तेव्हा कुठे घड दिसतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला, जास्त फळ यावं म्हणून फाटे छाटणारा माळी मला तिथेच, बांधावर उभं राहून समजला.

चर्चच्या मंडळीतल्या कुजबुजीचं म्हणशील, तर पाळकसाहेबांच्या कानावर घाल आणि सोडून दे.

येत्या रविवारी चटया तिघांपुरत्याच घाल. शनिवारी न आलेल्या एकाच्या घरी जाऊन ये. चहा दिला तर नाही म्हणू नकोस.