सरकारी नोकरीतून निवृत्त झालो, आता गावी सरपंचपदाची निवडणूक लढवायची आहे. काय तयारी करावी?

निवृत्तिवेतन आड येत नाही. आड येतं ते मतदार यादीतलं नाव. बहुतेकांचं नाव नोकरीच्या शहरातच राहिलेलं असतं. गावी राहायला आलात की लगेच मतदार नोंदणीचा नमुना ८ हा अर्ज भरून ते इकडे आणा. ग्रामपंचायतीसाठी विधानसभेचीच यादी ठरावीक तारखेला गोठवून वापरतात. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

मग सरपंचपदाचं आरक्षण पाहा, ते तालुक्यात सोडतीने ठरतं. जागा राखीव असेल तर जात पडताळणीचा प्रस्ताव आधीच दाखल करा. मुदतीत वैधता प्रमाणपत्र दिलं नाही तर निवडून आलेलं पदही जातं.

सर्वात जास्त घात होतो तो अतिक्रमणाने. जुन्या घराचा ओटा किंवा गोठा गावठाणाच्या सरकारी जागेत सरकलेला असतो, आणि विरोधक निकालानंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतात. अतिक्रमण वडिलांचं आहे हा बचाव तुम्ही त्याच घरात राहत असाल तर टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असंच ठरवलं. म्हणून नमुना ८ चा उतारा (हा ग्रामपंचायतीच्या घर-मालमत्ता नोंदीचा, मतदार नोंदणीचा नव्हे) काढून प्रत्यक्ष मोजमाप करून घ्या. घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावत्या जपा. घरी शौचालय हवंच. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे दोनपेक्षा जास्त अपत्ये झाली असतील तर अपात्रता आहे.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्या, हरलात तरी. नाहीतर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवलं जाऊ शकतं.