खोंड आधी, कागद नंतर

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र, खोंडाचे फोटो आणि वंशावळीचा कागद, सगळं मिळालं. अ‍ॅबर्डीनशायरमधल्या त्या स्कॉटिश शेताच्या मालकांनी पुढचा शॉर्टहॉर्न जातीचा वळू निवडण्याचं काम तुझ्यावर सोपवलं, ही मोठी गोष्ट आहे. एखादी गाय निवडताना चूक झाली तर वर्षाकाठी एका वासराचा प्रश्न असतो. वळू चुकला तर त्या हंगामातली सगळी वासरं त्याच्या नावावर लागतात. त्यातल्या कालवडी कळपात ठेवल्या की वळू विकून टाकल्यावरही त्याचे गुणदोष पुढची दहा-बारा वर्षं गोठ्यात नांदतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझ्या पत्राची सुरुवातच वंशावळीने झाली आहे आणि खोंडाच्या पायांबद्दल त्यात एक शब्द नाही. हा क्रम आधी उलटा कर. कागदाची घडी घालून खिशात ठेव आणि जनावर बघ. मोठं नाव आधी वाचलं की डोळे दोष बघायलाच तयार होत नाहीत. चांगलेचांगले जाणकार यात फसतात.

दुसरी अडचण तुझ्या डोळ्यांची आहे. तू सांगोल्याकडची, घरी खिलारची दावण. तुझी नजर चपळ, काटक, उंच पायांच्या, आवळ अंगाच्या जनावरावर तयार झाली आहे, आणि खिलारसाठी ती अगदी योग्य आहे, कारण तो ओढीचा आणि पळण्याचा बैल. शॉर्टहॉर्नचा हा वाण मांसासाठी पाळतात. तिथे वशिंड नाही, लोंबती पोळी नाही. तिथे रुंदी हवी आणि खोली हवी, आणि दोन्ही योग्य ठिकाणी हवी. मात्र खिलार निवडताना तुझे वडील बैलाला चालवून बघतात, खूर उचलून बघतात, ती सवय मुळीच सोडू नकोस. तीच तुला तिथे सर्वांत जास्त उपयोगी पडणार आहे.

तू पाठवलेल्या प्रत्येक फोटोत खोंड जाड पेंढ्यात उभा आहे. खूर दिसतच नाहीत. विकणाऱ्याने मुद्दाम तसं केलं असं मी म्हणत नाही, पण पेंढ्यात उभं केलेलं जनावर नेहमीच बरं दिसतं. त्याला बाहेर काढायला सांग. काँक्रीटवर, मोकळा, स्वतःच्या चालीने चालू दे. दोरी धरून मान वर खेचलेली असली की चाल खोटी दिसते. आधी बाजूने बघ. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडला पाहिजे. जमीन ओली असेल तर ठसेच मोज. मागचा खूर बराच अलीकडे पडत असेल तर खांदा सरळ आहे किंवा मागचा पाय फार ताठ आहे. ताठ पायाचा खोंड फोटोत रुबाबदार दिसतो, पण गायीवर चढताना सगळं वजन त्या सांध्यावर येतं आणि दोन-तीन हंगामांत सांधा सुजतो. उलट सांधा फार वाकलेला असेल तर पाय पोटाखाली जातात, टाच झिजते, नख्या लांब वाढतात. या दोन्हींच्या मधला पाय हवा. मग मागे उभी राहा. मागचे पाय सरळ पुढे पडतात की ढोपरं एकमेकांना घासतात? पायांत अंतर किती? शेवटी खूर. दोन्ही नख्या सारख्या, समोर बघणाऱ्या, टाचेला उंची असलेल्या हव्यात. एक नखी दुसरीवर चढत असेल तर तिथेच थांब. हा दोष पुष्कळदा वासरांत उतरतो. आणि खूर तासलेले आहेत का, हे विकणाऱ्याला सरळ विचार. आठ महिन्यांच्या खोंडाचे खूर तासावे लागले असतील तर का लागले, याचं उत्तर मिळायला हवं.

पाय पटले तरच पुढे जा. आता हात लाव. पाठीवर, कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी बोटं दाबून बघ. मांस दाबलं की घट्ट लागतं आणि परत उसळतं. चरबी मऊ, हलती लागते. दूध तोडण्याआधीच भरपूर खुराक चारलेला खोंड गोलगरगरीत दिसतो, आणि त्या गोलाईखाली कमी रुंदीची कंबरही लपते. शेपटीच्या मुळाशी चरबीचे गोळे आले असतील तर खुराक किती आणि कधीपासून चालू आहे ते विचार. अति खुराकाने कोवळ्या वयात खुरांनाही इजा होते. बरगड्यांना बाक हवा, पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर भरलेला हवा, कारण हृदय आणि फुप्फुसं तिथेच आहेत. खांदे मात्र रुंद नकोत. नवख्याला जड, पुढे आलेले खांदे मर्दानी वाटतात, पण तशाच खांद्याचं वासरू विताना अडकतं. खांदा मानेत आणि बरगडीत गुळगुळीत मिसळलेला हवा. जबडा बघ, वरचा खालचा जुळतो ना. बेंबी आणि शिश्न-पिशवी पोटाला धरून असावी. एवढं पुरे.

वृषणांकडे दुर्लक्ष करू नकोस, लाजूही नकोस. दोन्ही खाली उतरलेले, सारख्या आकाराचे, वर मानेसारखा भाग असलेले हवेत. आठ महिन्यांत घेराचा आकडा धरून बसण्यात अर्थ नाही, तो वर्षाच्या सुमारास पुन्हा मोजायचा. अमेरिकेतले पशुवैद्यक पंधरा महिन्यांपर्यंतच्या वळूला किमान 30 सेंटिमीटर घेर मागतात. ती खालची मर्यादा आहे, त्यावर खूश होऊ नये. घेर चांगला असलेल्या वळूच्या मुलीही साधारण लवकर माजावर येतात, म्हणून त्याचा फायदा दोन्हीकडून मिळतो. कामाला सोडण्याआधी वीर्य तपासणी पशुवैद्यकाकडूनच करून घ्यायची, खरेदीच्या करारात तसं लिहून घ्यायचं.

रंगाबद्दल तू फार लिहिलंस. आपल्याकडे बैल घेताना भोवरे बघतात, तिकडे काही जण रोन रंगावर जीव टाकतात. लाल आणि पांढऱ्या केसांची ती मिसळ सुंदर दिसते यात शंका नाही. पण लाल आणि पांढऱ्याच्या संकरातून रोन होतो, आणि रोनला रोन लावला की सरासरी पाव वासरं लाल, अर्धी रोन, पाव पांढरी निघतात, एवढंच ते गणित आहे. मांस, दूध, विण्याची सोय यांचा रंगाशी संबंध नाही. एकच खबरदारी घे. पांढऱ्या कालवडींपैकी काहींचा गर्भमार्ग जन्मतःच अपुरा असतो आणि त्या गाभण राहत नाहीत. कळपात रोन गायी जास्त असतील आणि वळूही रोन घेतला, तर पांढऱ्या कालवडी ठेवताना हे लक्षात असू दे.

आता कागद काढ.

या जातीला कागदाचा इतिहास फार मोठा आहे. जॉर्ज कोट्स यांनी 1822 मध्ये शॉर्टहॉर्नची वंशनोंद छापली, ती जगातली गुरांची पहिली. त्याआधी डार्लिंग्टनजवळच्या केटन गावी चार्ल्स कॉलिंग यांनी 1804 मध्ये कॉमेट नावाचा वळू जन्माला घातला. त्याची वंशावळ लिहून बघ. फेव्हरिट हा वळू त्याच्या स्वतःच्या आईला, फिनिक्सला, लावला. त्यातून यंग फिनिक्स झाली. तिला पुन्हा फेव्हरिटच लावला, त्यातून कॉमेट. 1810 च्या लिलावात तो 1000 गिनींना (गिनी हे तिकडचं जुनं नाणं) गेला. इतक्या जवळच्या नात्यात वाण घट्ट होतो हे खरं, पण दडलेले दोषही तितकेच घट्ट होतात. जनुकशास्त्रज्ञ सीवॉल राइट यांनी 1922 मध्ये अंतःप्रजननाचं, म्हणजे जवळच्या नात्यातल्या संकराचं, माप काढायची पद्धत मांडली आणि ती याच जातीच्या वंशनोंदीवर लावून दाखवली. आज तुझ्या संगणकावर जो टक्का दिसतो, तो त्याच हिशेबाचा. खोंडाचा टक्का बघच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या गायींना तो लावला तर होणाऱ्या वासरांचा टक्का किती येईल, ते काढ. त्याची आजी आणि तुमच्या अर्ध्या कळपाची आजी एकच निघाली, तर खोंड कितीही देखणा असला तरी तुमच्या कामाचा नाही.

नावावर भाळण्याचं सर्वांत महाग उदाहरणही याच जातीचं. थॉमस बेट्स यांनी डचेस नावाचं गायींचं घराणं जोपासलं. त्यांच्या पश्चात त्या नावाची इतकी हवा झाली की 1873 मध्ये न्यूयॉर्क मिल्सच्या लिलावात त्या घराण्यातली एक गाय 40,600 डॉलरला गेली. घराणं मात्र आतून पोकळ होत आलं होतं. गायी गाभण राहत नव्हत्या. लोक कागद विकत घेत होते. त्याच काळात तू आहेस त्या अ‍ॅबर्डीनशायरमध्येच सिटिटन इथे एमॉस क्रुकशँक काम करत होते. 1859 मध्ये त्यांच्याकडे जन्मलेला चँपियन ऑफ इंग्लंड हा वळू प्रदर्शनांत फारसा चमकला नाही. त्यांनी तो आपल्या कळपासाठी ठेवला, त्याची वासरं पाहिली आणि त्यांवरच पुढचा वाण उभा केला. आज ज्याला स्कॉच शॉर्टहॉर्न म्हणतात त्याचा पाया तोच. तिथल्या कोणत्याही म्हाताऱ्या पशुपालकाजवळ हा विषय काढ, संध्याकाळ संपेल पण गोष्ट संपणार नाही.

तर वंशावळ वाचायची ती जवळून लांब. बापाकडून अर्धा वाटा, आजोबाकडून सरासरी चौथा, पणजोबाकडून आठवा. तू ज्या गाजलेल्या नावाखाली दोनदा रेघ मारलीस तो वळू पाचव्या पिढीत आहे. त्याचा वाटा सरासरी बत्तिसावा. त्याच्यासाठी एक पैसाही जास्त द्यायचा नाही. आणि कागदावर बापाची बक्षिसं लिहिलेली असतात, आईचं फक्त नाव असतं. मला आईबद्दल जास्त जाणून घ्यायचं आहे. शॉर्टहॉर्न ही मुळात चांगल्या आया देणारी जात. तुमचा मालकही कालवडी ठेवणार आहे, म्हणजे या खोंडाची आई जशी, तशा गायी तुमच्या गोठ्यात येणार. ती दोन-अडीच वर्षांची असताना पहिल्यांदा व्याली का? त्यानंतर दर वर्षी वासरू दिलं का, की मध्ये एक वर्ष भाकड गेली? विताना ओढावं लागलं का? तिची कास बघ, जमलं तर व्याल्यावर लगेचची. कास पोटाला धरून हवी, सड मध्यम हवेत. बाटलीसारखे जाड सड असले की नवजात वासराच्या तोंडात ते मावत नाहीत, चीक वेळेवर पोटात जात नाही आणि पहिल्या दिवसापासूनच त्याचं बिघडतं. दहा वर्षांची होऊन अजून कळपात असलेली, पायाने धड, कासेने नीट आजी जर या खोंडाला असेल, तर मी बापाच्या सगळ्या फिती बाजूला ठेवून तिच्याकडे बघेन.

वंशमूल्याचे आकडे, म्हणजे वासरांत काय उतरेल याचा अंदाज देणारे ते ईबीव्ही, तू तोंडपाठ केलेले दिसतात. चांगलं आहे. पण इतक्या लहान खोंडाचा आकडा म्हणजे बहुतांशी आई-बापाच्या आकड्यांची सरासरी. त्याच्या शेजारी अचूकतेचा टक्का छापलेला असतो, तो आधी वाच. 200 दिवसांचं वजन एकट्याचं बघू नकोस. त्याच हंगामात, त्याच कुरणावर वाढलेल्या जोडीदारांच्या तुलनेत बघ. सोळा खोंडांत तिसरा आलेला मला चालतो. एकट्याच वाढलेल्या खोंडाच्या वजनावरून काहीच कळत नाही.

जनुकीय तपासण्यांचे कागद हातात आल्याशिवाय शब्द देऊ नकोस. टीएच आणि पीएचए या दोन जन्मजात दोषांची नावं पाठ कर. टीएचच्या वासराचे मागचे पाय वाकडे, पोट उघडं, ते जगत नाही. पीएचएच्या वासराची फुप्फुसं वाढलेलीच नसतात आणि अंगात पाणी भरून ते इतकं फुगतं की विताना गाय दगावू शकते. दोन्ही दोष अप्रभावी आहेत, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आले तरच दिसतात. वाहक वळू ठणठणीत असतो, बघून कुणालाही ओळखता येत नाही. वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आली की चारात एक या हिशेबाने मेलेलं वासरू. अमेरिकेतल्या शॉर्टहॉर्नमध्ये टीएच पसरला, त्याचा माग आयर्लंडहून गेलेल्या डीअरपार्क इम्प्रूव्हर या वळूपर्यंत लागतो. लोकांना त्याची वासरं आवडली, प्रदर्शनांत चालली, म्हणून तो वाण सगळीकडे वापरला गेला आणि त्याबरोबर दोषही गेला. तुझ्या खोंडाच्या कागदावर आईकडून अमेरिकेतून आणलेलं रक्त आहे, म्हणून हे खास सांगतोय. स्नायूंची वाढ ठरवणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाची तपासणीही माग. दुहेरी मांसलपणा देणारं जनुक आईच्या जातीत शिरलं की विण्याचा त्रास वाढतो. शिवाय कळपाचा जोन्स (आतड्यांचा जुनाट रोग) आणि बीव्हीडी (गुरांचा विषाणूजन्य रोग) यांचा इतिहास. जोन्सची गाय वासराला रोग देते आणि तो वर्षानुवर्षं दिसत नाही.

स्वभाव शेवटी लिहिला, पण तो हलका धरू नकोस. खोंडाच्या वाड्यात मालकाशिवाय, शांत, हातात काठी न घेता जा. थोडा मागे सरून तुझ्याकडे बघेल तर ठीक. डोकं वर काढून भिंतीशी धडका देत असेल, किंवा खाली मान घालून अंगावर येत असेल, तर उद्या नऊशे किलोंचा झाल्यावर तोच तुझ्या अंगणात उभा असणार आहे.

घाई करू नकोस. फेब्रुवारीत स्टर्लिंगला वळूंचा लिलाव भरतो, तिथे घ्यायचं नसलं तरी जा. पंचवीस-तीस वळू एका जागी चालताना बघितले की नजर आपोआप बसते. तोवर मला इतकं पाठव: काँक्रीटवर चालतानाचा बाजूने आणि मागून घेतलेला व्हिडिओ, चारही खुरांचे जवळून फोटो, आईच्या कासेचा फोटो आणि तिच्या सगळ्या वेतांच्या तारखा. टीएच-पीएचएचा अहवाल विकणाऱ्याकडे नसेल तर शेपटीचे केस मुळासकट उपटून प्रयोगशाळेत पाठवायला सांग, खर्च फार नाही. हे सगळं आल्यावर किमतीचं बोलू.

तुझ्या मालकांना माझा नमस्कार सांग. थंडीत कान झाकून फिर.

तुझे,
सर