दिवाळखोर लीग विकत घेतली की तिची जुनी देणीही गळ्यात पडतात का?

सहसा नाही. अमेरिकेतल्या एक्सएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचंच बघा. कोविडमुळे पाचच आठवड्यांत हंगाम गुंडाळावा लागला आणि एप्रिल 2020 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ऑगस्टमध्ये अभिनेता ड्वेन जॉन्सन, त्याची व्यावसायिक भागीदार डॅनी गार्सिया आणि रेडबर्ड कॅपिटल ही गुंतवणूक कंपनी यांनी दीड कोटी डॉलर्सना ती घेतली. घेतलं काय? मुख्यतः नाव, बोधचिन्हं, संघांची ओळख. सेंट लुइसचा बॅटलहॉक्स हा संघ 2023 मध्ये त्याच नावाने उतरला, तो यामुळेच. मालमत्ता न्यायालयाच्या मंजुरीने, बोजाविरहित, म्हणजे जुन्या देण्यांपासून मोकळी करून, विकली जाते. खरेदीदाराने स्वतःहून स्वीकारलेली देणी तेवढी त्याच्याकडे येतात. बाकीच्या धनकोंना विक्रीच्या पैशांतून, कायद्याने ठरलेल्या क्रमाने मिळतं. रांगेत शेवटी असलेल्यांच्या हाती अनेकदा काहीच लागत नाही, आणि मला हे फार अन्यायाचं वाटतं.