बोआ मादी गाभण आहे. पिल्लं कधी देईल, याचा अंदाज कसा काढायचा?

तुम्ही दिलेली माहिती अशी: सहा वर्षांची बोआ मादी (बोआ म्हणजे अंडी न घालता थेट पिल्लं देणारा परदेशी साप). नोव्हेंबर ते फेब्रुवारी नर सोबत होता. १४ मार्चच्या सुमारास मधलं अंग एक-दोन दिवस एकदम फुगलं आणि पुन्हा उतरलं. २ एप्रिलला तिने कात टाकली, तेव्हापासून खाणं बंद. पिल्लं कधी होतील, एवढंच तुम्हाला विचारायचंय.

आधी तारीखच सांगतो. ११ ते ३१ जुलै धरा, त्यातही १६ जुलैच्या आगेमागे शक्यता सगळ्यात जास्त. ६ जुलैपासून पिल्लांसाठी टब तयार हवा. ५ ऑगस्ट उलटूनही काही झालं नाही, तर वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

हे आकडे २ एप्रिलच्या कातीवरून काढलेत. नर-मादी एकत्र कधी आले, यावरून नव्हे. बहुतेक जण पहिली चूक इथेच करतात. बोआ मादीच्या शरीरात नराचं बीज कित्येक आठवडे, कधी कधी महिनोन्‌महिने टिकून राहतं. मिलन नोव्हेंबरात झालं तरी बीजांडं तयार होऊन सुटायला मार्च उजाडू शकतो. त्यामुळे मिलनाची तारीख कितीही नीट लिहून ठेवलेली असली, तरी पिल्लांचा हिशेब तिच्यावरून जमत नाही. मिलनापासून मोजणाऱ्यांचा अंदाज दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी चुकतो, मग 'पिल्लं पोटात अडकली' म्हणून धावपळ होते आणि प्रत्यक्षात तिचे दिवसच भरलेले नसतात.

हिशेबाच्या खऱ्या खुणा दोनच. पहिली म्हणजे बीजमोचन, ओव्ह्युलेशन. तुम्ही १४ मार्चला पाहिलं ते हेच असणार. अंगाचा मधला भाग असा फुगतो की नुकतंच मोठं भक्ष्य गिळलंय असं वाटावं, फरक इतकाच की तिने काही खाल्लेलं नसतं. ही सूज साधारण दिवसभर, फार तर दोन दिवस राहते आणि ओसरते. दोन दिवस पेटीकडे लक्ष गेलं नाही तर ती हुकतेच, आणि बऱ्याच जणांची हुकते. दुसरी खूण म्हणजे त्यानंतरची कात. ती सहसा दोन ते तीन आठवड्यांनी पडते. तुमच्याकडे १४ मार्च ते २ एप्रिल असे १९ दिवस झालेत, म्हणजे दोन्ही खुणा एकमेकींशी जुळतात. म्हणूनच तुमच्या बाबतीत एवढ्या खात्रीने तारीख सांगता येते. या कातीपासून पिल्लांपर्यंत बोआला साधारण १०० ते १२० दिवस लागतात. बहुतेक पाळणारे १०५ हा आकडा मधोमध धरतात, आणि ९५ किंवा १२५ दिवसही अधूनमधून दिसतात.

ज्यांनी सूज पाहिलीच नाही, त्यांनी कोणत्याही कातीपासून मोजायला सुरुवात करू नये. साप वर्षभर अधूनमधून कात टाकतोच. ती कात बीजमोचनानंतरचीच आहे हे म्हणायला सोबत आणखी काही दिसायला हवं: मादीने खाणं नाकारणं, शेपटीकडचा अर्धा भाग हळूहळू जाड होत जाणं, आणि तिने गरम बाजूला तासन्‌तास पडून राहणं, कधी पोटाची बाजू वर करून. पोट उलटं करून पडलेली बोआ पाहून नवखे घाबरतात, पण गाभण मादीत ते नेहमीचं आहे. एरवी सुस्त नसलेली मादी आजारी दिसू लागली, तोंड उघडून श्वास घेऊ लागली किंवा मान वाकडी करू लागली, तर ती गोष्ट वेगळी, तिथे गर्भाचं कारण शोधत बसू नका. स्वतः अंदाज बांधणं नकोच, थेट डॉक्टर.

आता तापमान. एकाच तारखेला कात टाकलेल्या दोन माद्यांत तीन-तीन आठवड्यांचा फरक पडतो, तो मुख्यतः यामुळे. गर्भाची वाढ आईच्या अंगाच्या उबेवर चालते आणि ती ऊब पेटीतूनच येते. गरम बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५ ते २७. ती स्वतः हवी तिथे सरकते, आपलं काम फक्त दोन्ही बाजू उपलब्ध ठेवणं. गरम बाजू २८-२९ वर अडकली असेल तर १०५ चे १२५ सहज होतात. हे मोजायचं ते मादी जिथे टेकते तिथल्या पृष्ठभागावर, टेंपरेचर गनने किंवा थर्मोस्टॅटचा सेन्सर तिथेच चिकटवून. पेटीच्या काचेला वर लावलेला गोल, काट्याचा थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतो, ते या हिशेबात जवळजवळ निरुपयोगी.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, खोली थंड करू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याला, किंवा पुण्यातल्या वरच्या मजल्यावर पत्र्याखालच्या खोलीत, थंड बाजूच ३७-३८ वर गेली तर तिला पळायला जागा उरत नाही. गर्भ असताना ३५ च्या वर सलग राहणं धोक्याचं: पिल्लांत व्यंग, मेलेली पिल्लं, अर्धवट वाढलेले गर्भ. तुमच्या मादीचा पहिला दीड महिना नेमका ऐन उन्हाळ्यात गेलाय, तेव्हा त्या काळातलं तापमान कसं होतं हे आठवून बघा. जुलैत प्रश्न उलटा होतो. पाऊस लागला, वीज गेली, हीट मॅट थंड पडली, खोली २३ वर आली की मादी बसून राहते आणि दिवस लांबतात. एका रात्रीने बिघडत नाही, पण रोजचीच वीज जात असेल तर इन्व्हर्टरवर त्या पेटीची एक लाइन घ्या.

खाण्याचं फार मनाला लावून घेऊ नका. गर्भ मागच्या अर्ध्या अंगात जागा व्यापतो, म्हणून बहुतेक माद्या खात नाहीत आणि त्यांनी खाल्लं नाही तर बिघडत नाही. एखादी मागत असेल तर नेहमीच्या निम्म्याहून लहान उंदीर द्या, शेवटच्या सहा आठवड्यांत तोही नको. पाणी मात्र कायम हवं.

आता जवळ आल्याच्या खुणा. शेवटच्या दहा-पंधरा दिवसांत सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे फुगवट्याची जागा. अवस्कर, म्हणजे विष्ठा आणि पिल्लं दोन्ही जिथून बाहेर येतात ते शेपटीच्या मुळाशी असलेलं छिद्र, त्याच्या पुढे आधी काही इंच सडपातळ जागा असते. दिवस भरत आले की गर्भाचा भार मागे सरकतो आणि ती जागा आक्रसत जाते. शेवटी फुगवटा जवळजवळ शेपटीच्या मुळापर्यंत येतो, खवल्यांमधली कातडी ताणून पांढुरकी दिसू लागते आणि अवस्कराभोवती किंचित सूज येते. हे डोळ्याने आठवत बसण्यापेक्षा रोज एकाच कोनातून, शेजारी पट्टी ठेवून एक फोटो काढा. चार दिवसांचे फोटो शेजारी ठेवले की सरकलेला भार लगेच कळतो. हाताने चाचपून पिल्लं मोजायचा मोह टाळा. शेवटच्या महिन्यात दाबल्याने गर्भाला इजा होते, आणि हाताला लागलेली गाठ पिल्लू आहे की निर्जीव बीजांड, हे तसंही कळत नाही.

वागणंही बदलतं. इतके दिवस गरम बाजूला चिकटून असलेली मादी अचानक थंड बाजूला जाते, रात्रभर पेटीत फिरते, कोपरे धुंडाळते, शेपूट वर उचलते. असं दिसू लागलं की बहुतेकदा काही दिवसांचाच अवधी असतो. पण फक्त फिरण्यावरून अनुमान काढू नका. पेटी तापली असली तरी ती तशीच फिरते. म्हणून आधी तापमान बघा, मग फोटो बघा.

खात्री हवीच असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून सोनोग्राफी करून घ्या. गर्भ जिवंत आहेत की नुसती बीजांडं, हे तीत बरंच आधी कळतं. एक्स-रेत पिल्लांचे सांगाडे शेवटच्या काळातच दिसतात, कारण तोवर हाडांत कॅल्शियम पुरेसं बसलेलं नसतं. म्हणून पहिल्या महिन्यात एक्स-रे काढून 'काही नाही' असं ऐकलं, तर त्यावरून गर्भ नाही असं ठरवू नये. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला साप हाताळायची सवय नसते, तेव्हा कोणाकडे न्यायचं हे जूनमध्येच ठरवून फोन करून ठेवा.

६ जुलैपर्यंत पेटी साधी करून ठेवा. साल, भुसा काढून ओलसर वर्तमानपत्र किंवा टिश्यू पेपर, दमटपणा ६०-७० टक्के. पाण्याचं खोल भांडं काढून उथळ ठेवा, नाहीतर नवजात पिल्लं त्यात बुडतात. दाराच्या फटी, वायरची भोकं, जाळीचे कोपरे टेपने बंद करा. बोआचं पिल्लू दीडेक फूट लांब असलं तरी करंगळीएवढं जाड असतं आणि फटीतून सहज निसटतं. दुसरा टब, झाकणाला भोकं पाडून आणि तळाशी ओला टिश्यू घालून, तयार ठेवा.

वीसेक पिल्लं ही सामान्य गोष्ट, त्याहून बरीच जास्तही होतात. प्रत्येक पिल्लू पारदर्शक पडद्यात येतं आणि बहुतेक स्वतः तो फाडतात. एखादं पंधरा मिनिटांतही फाडत नसेल तर ओल्या बोटांनी तोंडाजवळचा पडदा हलकेच उघडा, पण पोटाशी लागलेला बलक किंवा नाळ ओढू नका, कापू नका. ते आपोआप आत शोषलं जातं किंवा सुकून पडतं. सोबत पिवळट, मेणासारखे गोळे पडले तर ती फळली नसलेली बीजांडं असतात, पाळणारे त्यांना स्लग म्हणतात. काही स्लग पडणं चिंतेचं नाही. चिंता तेव्हा करा जेव्हा मादी जोर करते पण काही येत नाही, दुर्गंधी किंवा रक्त येतं, आतला भाग बाहेर लोंबू लागतो, किंवा काही पिल्लं होऊन २४ तास उलटले तरी अंगात गाठी दिसत राहतात. घरी तेल लावून, दाबून, ओढून काढण्याचा प्रयत्न अजिबात करू नका. पिल्लं बाहेर येतात ती आतली नळी फाटते आणि मादी जाते.

एक गोष्ट तपासा: हा साप नक्की बोआच आहे ना? बॉल पायथन हा अजगर अंडी घालतो, आणि त्याचा हिशेब अंडी घालण्याआधीच्या कातीपासून सुमारे ३० दिवसांचा. कॉर्न स्नेकमध्ये हीच कात अंड्यांच्या एक-दोन आठवडे आधी पडते. इंटरनेटवरचा अजगराचा तक्ता बोआला लावल्यामुळे मे महिन्यात 'अंडी अडकली' म्हणून घाबरलेले लोक दरवर्षी दिसतात.

आणि कुणाकडे मांडूळ, डुरक्या घोणस किंवा पकडून आणलेली घोणस गाभण म्हणून ठेवलेली असेल, तर हे उत्तर त्यांच्यासाठी नाही. आपल्याकडचे हे साप पिल्लंच देतात हे खरं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी ठेवणं गुन्हा आहे. पिल्लं होईपर्यंतही ठेवू नयेत, वनविभागाला कळवावं. बोआ परदेशी असल्याने ठेवता येते, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर तिची नोंदणी सरकारी परिवेश पोर्टलवर लागते आणि जन्मलेली पिल्लंही त्या नोंदीत यायला हवीत. तेव्हा जन्मतारीख, जिवंत पिल्लांची संख्या, मेलेली आणि स्लग वेगवेगळे लिहून ठेवा.

सगळं झालं की पिल्लं दुसऱ्या टबमध्ये हलवा आणि मादीला कोमट पाण्याने अलगद धुऊन पेटी स्वच्छ करा, म्हणजे अंगाचा वास जाईल. आठवड्याभराने नेहमीपेक्षा बराच लहान उंदीर द्या. पिल्लांना मात्र पहिली कात पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, काहीही खायला देऊ नका.