युद्धात माणसं मरत असताना इमारती पाडल्याचा वेगळा गुन्हा कशाला?

हजारो माणसं मारली जात असताना मशीद पाडल्याबद्दल खटला चालवणं म्हणजे माणसापेक्षा दगडाला मोल देणं नाही का, असं तुम्ही विचारलं आहे. बोस्नियातल्या १९९२ ते १९९५च्या युद्धाचा इतिहास वाचल्यापासून मला हे दोन गुन्हे वेगळे करताच येत नाहीत.

बांया लुका शहरातली फेरहादिया मशीद १५७९ सालची. ७ मे १९९३ला ती स्फोटकांनी उडवली. शहरात तेव्हा लढाई नव्हती, सत्ता बोस्नियन सर्बांकडे, म्हणजे युद्धातल्या मुस्लिमविरोधी बाजूकडे होती. मग पाडायची कशाला? तिथल्या मुस्लिमांना नोकऱ्यांवरून काढणं, घरं सोडायला लावणं आधीपासून चालूच होतं. मशीद गेली की मागे राहिलेल्यांना समजतं, आता आपलीही पाळी. आणि निघून गेलेल्यांनी परत यायचं तरी कशासाठी? माणसं हाकलणं हाच या सगळ्यामागचा हेतू होता. त्या युद्धात वीस लाखांहून जास्त लोक घराबाहेर पडले.

कायद्याने हे ओळखलं, पण अर्धवट. १९४८च्या वंशसंहारविरोधी कराराच्या मसुद्यात संस्कृतीचा संहारही होता, तो देशांनी वगळला. त्यामुळे वास्तू पाडणं हा एवढ्यानेच वंशसंहार ठरत नाही. या युद्धातल्या गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००१ साली स्रेब्रेनिका गावातल्या मुस्लिमांच्या हत्याकांडाच्या निकालात एवढंच मान्य केलं की अशी पाडापाड वंशसंहाराच्या हेतूचा पुरावा ठरू शकते. याच युद्धात पाडलेल्या, मोस्तार शहरातल्या ऐतिहासिक जुन्या पुलाचं तर मला फार वाईट वाटतं. २०१७च्या अपिलात तो लष्करी लक्ष्य होता म्हणून त्याच्या नाशाबद्दलचा दोष रद्द झाला.

हे युद्ध संपवणाऱ्या १९९५च्या डेटन करारात मात्र निर्वासितांच्या परतीचं परिशिष्ट सातवं आणि राष्ट्रीय स्मारकांचं आठवं, लागोपाठ आहेत. मला ही जोडी अगदी योग्य वाटते. पुढे लाखो लोकांना घरांचा ताबा मिळाला, तरी अनेकांनी घर विकून दुसरीकडेच राहणं पसंत केलं. कागदावरचा हक्क आणि शेजाऱ्यांमध्ये निर्धास्त राहणं यांत राजकारण आडवं येतं. २००१ साली फेरहादियाच्या पायाभरणीला जमावाने हल्ला केला, त्यात एका वृद्धाचा जीव गेला. पुन्हा उभारलेली मशीद उघडायला २०१६ उजाडलं.

खोलात जायचं असेल तर ही दोन्ही परिशिष्टं एकत्र वाचा. दोन्ही मिळून फार पानांची नाहीत.