फेलोशिपचा पहिला अर्ज भरताना

पहिल्यांदाच अर्ज करतोयस, तर ती फेलोशिप कुणासाठी आहे ते आधी नीट वाच. अमेरिकेतली गुगेनहाइम फेलोशिप १९२५ पासून दिली जाते, पण ती भरीव काम आधीच केलेल्यांसाठी. तिथल्याच मॅकआर्थर फेलोशिपला तर अर्जच करता येत नाही, नावं इतर लोक सुचवतात.

खरा जीव ओत तो प्रकल्पाच्या टिपणात. 'मला स्थलांतरावर काम करायचं आहे' यातून परीक्षकाच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. 'बंद गिरणीतल्या १२ कामगारांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून त्यावर नाटक लिहीन' असं लिहिलंस की दिसायला लागतं. परीक्षक तुझ्याच विषयातले असतील असं धरून चालू नकोस.

माझा पहिला अर्ज, मला वाटतं, शिफारसपत्रापायी गेला. मोठ्या नावाच्या मागे लागून घेतलं होतं. त्यांनी माझं काम पाहिलंच नव्हतं आणि चार ओळींत ते कळत होतं. तुझं काम जवळून पाहिलेल्यांकडेच पत्र माग, निदान महिनाभर आधी, टिपण सोबत देऊन.

आणि हो, मुभा असेल तर अंदाजपत्रकात स्वतःच्या घरखर्चाची रक्कम लिहायला अजिबात संकोचू नकोस. कामाला सलग वेळ मिळावा म्हणूनच तर हे पैसे असतात.