स्टेरॉइड न घेता आठवड्यातून फक्त दोनदा, पण फेल्युअरपर्यंत (म्हणजे वजन आणखी एकदाही उचलता येणार नाही तोवर) वर्कआउट केला तर स्नायू वाढतील का?

वाढतील, फक्त दोन्ही दिवस फुल बॉडी, म्हणजे सगळ्या शरीराचा व्यायाम करा. जड वर्कआउटनंतर स्नायूत प्रथिनं बांधली जाण्याचा वेग साधारण 24 ते 48 तास चढलेला असतो, मुरलेल्या लिफ्टरमध्ये तो त्याहूनही लवकर उतरतो. स्टेरॉइड नसतील तर तो पुन्हा चढवायला वजनच उचलावं लागतं. त्यामुळे या सोमवारी चेस्ट मारली आणि पुन्हा थेट पुढच्या सोमवारी, हा जिममधला लाडका हिशोब नॅचरल, म्हणजे स्टेरॉइड न घेणाऱ्या माणसाला परवडत नाही. कमी वेळा, पण फेल्युअरपर्यंत वर्कआउट करण्याच्या पद्धतीचं मूळ नॉटिलस मशीन बनवणारा आर्थर जोन्स आणि बॉडीबिल्डर माइक मेंट्झर यांच्याकडे जातं. पण मेंट्झरने सांगितलेली दोन वर्कआउटमधली लांबलचक विश्रांती जशीच्या तशी उचलू नका. तो स्टेरॉइड घेत होता आणि ते त्याने मान्यही केलं होतं. स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, पुल-अप, शोल्डर प्रेस यांचे प्रत्येकी दोन-तीन सेट पुरे. सोबत रोज 7-8 तास झोप आणि वजनाच्या दर किलोमागे 1.6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. एक मात्र पाळा: स्क्वॉट, डेडलिफ्टमध्ये आणखी एक-दोनदा वजन उचलता येईल एवढी ताकद शिल्लक असतानाच थांबा. फेल्युअर गाठायचंच असेल तर मशीनवर खुशाल गाठा.